वडापातल्या कॅसेटी आणि न मोजलेला सुपरहिट

मामाची ट्रॅक्स गेल्या वर्षी भंगारात गेली. जतवरून कवठेमहांकाळ, मिरज करत सांगली आणि परत, असं पंचवीसेक वर्षं त्यानं वडाप केलं. गाडी उचलून न्यायला भंगारवाला आला तेव्हा मामानं आतून दोनच गोष्टी काढून घेतल्या. एक, आरशाला बांधलेला यल्लम्माचा भंडारा. दुसरी, ड्रायव्हर सीटखाली असायचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात ६३ कॅसेटी.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या जातीला (इंजिनिअरांच्या म्हणतोय) कुठलाही ढीग दिसला की त्याची एक्सेल शीट करायची खाज असते. दिवाळीच्या सुट्टीत मी तो डबा घेऊन बसलो. कॉलम पाडले: गायक, भाषा, कंपनी, साल. पहिले दोन भराभर भरले. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पार पूर्वेचं टोक, पुढं विजापूर. त्यामुळे डब्यात मराठीच्या जोडीला कन्नड जानपद गीतं, डॉ. राजकुमार, थोडं हिंदी. मराठीत सगळ्यात जास्त कॅसेटी एकाच माणसाच्या निघाल्या. प्रल्हाद शिंदे. त्यांच्या खालोखाल आनंद आणि मिलिंद, म्हणजे त्यांचीच मुलं.

अडलं ते ‘साल’ या कॉलमला. निम्म्या कॅसेटींची वरची चिठ्ठी हरवलेली. काही तर भरून आणलेल्या, म्हणजे दुकानात कोरी कॅसेट द्यायची आणि हवी ती गाणी उतरवून घ्यायची, तशा. त्यांच्यावर बॉलपेननं ‘प्रल्हाद + बाकी मिक्स’ एवढंच. मी यूट्यूबवरून सालं काढायचा शॉर्टकट मारला, तर एका गाण्याचं साल आलं २०११. ते गाणं मी शाळेत जायच्या आधीपासून वडापात ऐकलंय. कंपनीनं चॅनलवर टाकलं ती तारीख ती. डेटा होता, पण भलत्याच गोष्टीचा.

मग मनात आलं, साल राहू दे, ह्यातली सगळ्यात जास्त खपलेली कॅसेट कुठली ते तरी शोधू. दोन दिवस शोधलं. लाखांत खपल्या, गावोगाव वाजल्या, धुमाकूळ घातला, असं वर्णन पाहिजे तेवढं मिळतं. भरवसा ठेवावा असा आकडा एकही हाती लागला नाही.

*

त्याच सुमारास ऑफिसात माझं काम होतं दुकानांच्या बारकोड डेटाचं. कुठल्या दुकानात कुठल्या दिवशी काय खपलं, याचा हिशोब जुळवायचा. त्या निमित्तानं वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली आणि मामाचा डबा एकदम वेगळाच दिसायला लागला.

अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नावाचं नियतकालिक आहे. कुठला अल्बम देशात पहिला, कुठला दुसरा, याची यादी ते छापतं. १९९१ च्या मे महिन्यापर्यंत ही यादी कशी बनायची? दुकानांना फोन करून. काउंटरवरचा माणूस सांगायचा, आमच्याकडे हे जोरात, ते जरा कमी. सांगणारा शहरातला, बहुधा तरुण, रॉक ऐकणारा. तो खोटं बोलत असेल असं नाही, पण त्याला जे खपतंय असं वाटायचं तेच खपायचं. कोपऱ्यातल्या रॅकवरून एखादा ट्रकवाला किंवा शेतकरी गपचूप काय उचलून नेतोय, ते त्याच्या लक्षात राहायचं नाही.

२५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डनं पद्धत बदलली. साउंडस्कॅन नावाची यंत्रणा आली. काउंटरवर बारकोड ‘बीप’ झाला की विक्री मोजली, विषय संपला. एकाच आठवड्यात यादी उलटीपालटी झाली. कंट्री अल्बम धडाधड वर सरकले. पुढच्या महिन्यात काळ्या पोरांच्या एनडब्ल्यूए या रॅप ग्रुपचा अल्बम पहिल्या नंबरावर गेला. आणि सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स या ओक्लाहोमाच्या गायकाचा ‘रोपिन द विंड’ आला, तो थेट पहिल्याच नंबरावर उतरला. कंट्री संगीताचा अल्बम आल्या आल्या मुख्य यादीत पहिला, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. तो एकूण १८ आठवडे त्या जागेवर होता. पुढं त्याच्या अमेरिकेतल्या प्रतींची अधिकृत नोंद १ कोटी ४० लाखांवर गेली. मध्येच निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ पहिला आला. आपल्याकडच्या हॉस्टेलच्या भिंतींवर त्याचीच पोस्टरं जास्त. पण त्याला हटवून हा काउबॉय टोपीवाला परत वर चढला.

नावही झकास आहे. रोपिन द विंड म्हणजे वाऱ्याला दोरीचा फास टाकून धरणं.

यातली मला आवडलेली गोष्ट गार्थ ब्रूक्सची नाही. गाणी बरी आहेत, मला एक-दोनच आवडली. गंमत अशी की मे १९९१ च्या त्या आठवड्यात लोकांची आवड बदलली नव्हती. गावाकडची माणसं आधीपासून तेच विकत घेत होती. मोजायला लागल्यावर दिसलं, एवढंच.

*

‘कंट्री’ म्हणजे इथं देश नव्हे, गाव. आणि त्या गावाला शहरानं आधी काय नाव दिलं होतं? हिलबिली. आपल्या भाषेत गावंढळ. १९२३ मध्ये अटलांटाच्या एका दुकानदारानं हट्ट धरला म्हणून राल्फ पीअर नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं जॉन कार्सन या म्हाताऱ्या फिडलवाल्याची दोन गाणी भरली. पीअरला ती भयंकर वाटली. कंपनीनं फक्त ५०० प्रती काढल्या, त्याही त्या दुकानदारापुरत्या. त्या बघता बघता संपल्या आणि पीअरचे कान उघडले. १९२७ च्या उन्हाळ्यात तोच माणूस यंत्रं घेऊन डोंगराळ भागातल्या ब्रिस्टल गावी गेला, आणि तिथं कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स त्याला सापडले. कंट्री संगीताच्या धंद्याचा पाया तो. तरी ‘हिलबिली’ हा शिक्का बराच काळ राहिला. बिलबोर्डनं ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव घेतलं ते १९४९ मध्ये.

आपल्याकडे ग्रामोफोन त्याच्या किती तरी आधी आला. कलकत्त्यात १९०२ मध्येच रेकॉर्डिंग झालं. पण तबकडी ही महाग वस्तू. ती वाजवायचं यंत्र त्याहून महाग, ते वाड्यात किंवा हॉटेलात असायचं. गावात तबकडीची गाणी ऐकू यायची ती लग्नात, मंडपवाल्याच्या कर्ण्यावरून. रेडिओ होता. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ पासूनचं. पण तिथं काय लागायचं ते तिथली माणसं ठरवायची. लोकप्रियता मोजायचा गाजलेला खेळ म्हणजे १९५२ पासूनची बिनाका गीतमाला. रेडिओ सिलोन आणि अमीन सायानी. पण त्या पायऱ्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या होत्या. तमाशातल्या वगाला, भजनाला, भीमगीताला तिथं पायरीच नव्हती. कवलापूरचे काळू-बाळू आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या फडाला किती लोक लोटायचे ते जुन्या माणसांना विचारा. हातांनी अंतर दाखवतात, आकडा सांगत नाहीत.

मग कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ मध्ये काढली होती. आपल्या गावांत ती खऱ्या अर्थानं पोचली ऐंशीच्या दशकात. आखातातून येणाऱ्यांबरोबर टू-इन-वन आले, मग इथं बनणारे स्वस्त टेप आले. दर्यागंजला ज्यूसचं दुकान चालवणाऱ्या घरातल्या गुलशन कुमारनं टी-सीरीज उभी केली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. मुंबईतही कॅसेट कंपन्या निघाल्या. हिशोब सोपा होता. तबकडीला मोठा कारखाना लागतो, कॅसेटीची प्रत काढायला एक खोली पुरते. थोड्या प्रती विकल्या तरी परवडायचं, म्हणून एका जिल्ह्यापुरतं, एका देवापुरतं, एका जातीपुरतं गाणंही काढता यायला लागलं. टेप सेलवर चालायचा. आमच्याकडे वीज गेली की परत कधी येईल ते वायरमनही सांगू शकायचा नाही, तिथं हे फार मोलाचं. आणि गाडीत बसायचा. वडाप हा आमचा हलता रेडिओ झाला. स्टेशन ड्रायव्हरच्या मर्जीचं.

*

प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे. जत तालुक्याला लागूनच तो तालुका. जन्म १९३३ चा. मुंबईत कव्वालीच्या पार्ट्यांत कोरस धरत ते वर आले. ‘अल् हिलाल’ सिनेमातल्या कव्वालीनं १९५८ मध्ये गाजलेल्या इस्माईल आझाद यांच्या पार्टीतही ते होते. आवाज ऐकला असेल तुम्ही, नाव माहीत नसेल. उंच, उघडा, थोडा खरखरीत, शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचावा असा. स्टुडिओत भरलेलं गाणंही ते मैदानात उभे राहून गातायत असं वाटतं. पंढरीच्या वाटेचं त्यांचं ते गाणं, दत्ता पाटलांनी लिहिलेलं आणि मधुकर पाठकांनी चाल दिलेलं, आजही पहाटे कुठल्या ना कुठल्या देवळाच्या कर्ण्यावर लागतंच. सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी शेजाऱ्यांनाही पाठ झालेलं असतं ते गाणंही त्यांचंच.

आता मंगळवेढ्याबद्दल थोडं. संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, १३३८ मध्ये. त्यांची समाधी पंढरपूरला नामदेव पायरीपाशी आहे. देवळाच्या आत नाही, बाहेर. आयुष्यभर त्यांना आत जाता आलं नाही. पुढं सहाशे वर्षांनी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींना पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून उपोषणाला बसावं लागलं. तेव्हा मंगळवेढ्याच्या दलित घरातला प्रल्हाद चौदा वर्षांचा होता.

त्याच पोराचा आवाज पुढं कॅसेटीतून प्रत्येक गावच्या विठोबाच्या देवळात शिरला. पुजाऱ्यानं स्वतःच्या हातानं कॅसेट घालून बटण दाबलं. हे कुणी आंदोलन करून केलं नाही, कुणी ठराव केला नाही. कॅसेटीला जात दिसत नाही, असं कुणी म्हणेल, पण तेही खरं नाही. चिठ्ठीवर नाव होतं, फोटो होता. लोकांना माहीत होतं. हेच प्रल्हाद शिंदे भीमगीतं गात होते, हेही माहीत होतं. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीबाहेर आणि आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाटेवर, दोन्हीकडच्या स्टॉलवर त्यांच्या कॅसेटी असायच्या. गिऱ्हाईक वेगळं, आवाज एकच. मामाच्या डब्यात तर एकाच कॅसेटीच्या एका बाजूला विठ्ठल आहे आणि दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. भरून देणाऱ्या दुकानदारानं केलेलं हे मिक्सिंग कुठल्या कंपनीला सुचलं नसतं.

ऐंशीच्या दशकात आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं आलं आणि त्यानं हद्द केली. हसू नका. ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्याही वरातीत ते वाजलं. मराठी संगीतावरच्या जाड पुस्तकांत नाट्यसंगीतावर प्रकरणं असतात, भावगीतावर असतात. ती असावीतच. पण ज्या कॅसेटीवर अख्खा महाराष्ट्र नाचला तिला दोन ओळी मिळतात, त्याही ‘सवंग’ या शब्दाच्या आसपास. हिलबिलीचा मराठी अवतारच हा.

*

मामाला मी साउंडस्कॅनची गोष्ट सांगितली. बारकोड, फोन, काउंटरवरचा पोरगा, सगळं. मला वाटलं त्याला कंटाळा येईल. तो म्हणाला, “म्हंजे काट्यावर आलं म्हन की.”

मी थांबलो. काटा म्हणजे साखर कारखान्याचा वजनकाटा. आमच्या तालुक्यातून दरसाल टोळ्या ऊसतोडीला खाली कृष्णाकाठाला जातात. ट्रॉली भरली की काट्यावर चढवायची, टन किती ते बघायचं, त्यावर तोडणीचे पैसे. काटा मारला, म्हणजे वजन कमी दाखवलं, अशी बोंब उसाच्या पट्ट्यात जुनी आहे. मामाचे वडील टोळीत होते.

“मग ह्येंच्या कॅसेटी कुनी काट्यावर घातल्या न्हाईत?” मामानं विचारलं.

“नाही. गायकाला बहुतेक एकदाच ठरवून पैसे द्यायचे.”

“उक्तं?”

“उक्तंच.”

“मग कशाला घालत्यात काट्यावर?”

दोन दिवस मी इंटरनेटवर जे धुंडाळत होतो, ते मामानं एका वाक्यात संपवलं. प्रादेशिक कॅसेटींच्या धंद्यात ही उक्त्याची पद्धत सर्रास होती. गाणं भरलं, ठरलेली रक्कम घेतली, सही केली. पुढं हजार खपोत की दहा लाख, गायक-गीतकाराच्या घरी वेगळं काही येणार नाही. ज्याला टनावर पैसे द्यायचे असतात त्यालाच काटा लागतो. वर नकली प्रतींचा सुळसुळाट, आणि आमच्यासारख्यांच्या ‘भरून आणलेल्या’ कॅसेटी. मामाच्या डब्यातल्या निम्म्या कॅसेटी कुठल्याही काट्यावर आल्याच नसत्या. त्या अर्थानं मामाही या चोरीत सामील आहे, आणि मी त्याच गाडीत फुकट ऐकणारा.

अमेरिकेतही सगळं धुतल्या तांदळासारखं नव्हतंच. पहिल्या काळातले कित्येक हिलबिली आणि ब्लूज गायक असेच थोड्या डॉलरवर गाऊन मोकळे झाले. पण तिथं पुढं आकड्याला पैसा जोडला गेला आणि पैशाला आकडा. म्हणून गार्थ ब्रूक्सबद्दल मी इतकं छातीठोकपणे लिहू शकलो, आणि प्रल्हाद शिंदेंबद्दल लिहिताना प्रत्येक वाक्याला हात आखडता घ्यावा लागतोय.

आपल्या कायद्यात बदल झाला २०१२ मध्ये. कॉपीराइट कायद्यातल्या त्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा केला की तो लिहून देऊनही पूर्ण सोडता येत नाही. गाण्याचा व्यापारी वापर झाला तर गायकांनाही त्यात वाटा मिळावा, अशी तरतूद केली. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ ला गेले होते. वामनदादा कर्डक, ज्यांची गीतं चळवळीतल्या पिढ्यानपिढ्यांनी गायली, तेही त्याच वर्षी मे महिन्यात. कायदा यायला आठ वर्षं उशीर झाला.

आता काटा सगळ्यांच्या खिशात आहे. प्रल्हाद शिंदेंचा नातू आदर्श सिनेमासाठी गातो आणि त्याच्या गाण्याखाली व्ह्यूज दिसतात, सेकंदाला बदलणारे. आजोबांच्या गाण्यांखालीही दिसतात, कोटींमध्ये. पण ती मोजणी सुरू झाली अपलोडच्या दिवसापासून. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं, जत्रा, वराती, पूजा, रसवंत्या, एसटी स्टँडची कँटीनं, वडापं, सगळी शून्य धरलेली. सिस्टीममध्ये याला आम्ही ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ म्हणतो. माहिती नसली की शून्य टाकायचं. पण माहिती नसणं म्हणजे शून्य नव्हे, हे नवीन पोरांना मी रोज सांगतो आणि तरी तेच बग परत येतात.

*

पुण्यात जुन्या बाजारातून मी एक टेप आणला. बेल्ट बदलून घेतला. संक्रांतीला तो घेऊन जतला गेलो, म्हटलं सगळ्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवून घेऊ.

चिठ्ठी नसलेली एक कॅसेट लावली. पहिलं गाणं संपलं. मधे ती खरखर, चार-पाच सेकंदांची. त्या खरखरीतच मामानं पुढचं गाणं गुणगुणायला सुरुवात केली, आणि मग ते टेपवर आलं. ते संपल्यावर त्याच्या पुढचं. मी कॅसेट थांबवली आणि त्याला नुसतं विचारत गेलो. त्यानं बाजू ‘अ’ची सहा गाणी ओळीनं सांगितली, मग उलटून बाजू ‘ब’ची. अशा अकरा कॅसेटी झाल्या. दोन ठिकाणी चुकला, तेही मामी आतून ओरडली म्हणून कळलं.

साल मात्र त्यालाही सांगता येईना. ही कवा आणली मामा, असं विचारलं की तो आधी डोळे बारीक करून दुसरंच काहीतरी शोधायचा. मी लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसलो होतो. तो सांगेल तसं टाइप करत गेलो. ‘साल’च्या कॉलममध्ये आता असं आहे: ‘पहिली जीप घेतली तवा’. ‘छावण्या लागल्या त्याच्या आदल्या साली’. ‘उमदीच्या जत्रेत, बाजूवाल्यानं दोन रुपये कमी केले नाहीत’. ‘तुझ्या आईच्या लग्नात, कर्णेवाल्याकडनं मागून घेतली ती परत दिलीच नाही’.